एसीचा व्हॅक्यूम काट्यावरून कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की इंदुरात नवे एसी बसवण्याची आणि जुन्यांत गॅस भरण्याची धांदल उडते. गॅस सोडण्यापूर्वी तांब्याच्या नळ्यांतील हवा व ओलावा पंपाने काढावा लागतो. परंतु तो निघाला की नाही हे बहुधा मॅनिफोल्डच्या (पंप आणि एसी यांच्यामध्ये जोडायच्या, दाबाच्या तबकड्या असलेल्या जोडणीच्या) निळ्या तबकडीकडे पाहून ठरवले जाते, आणि माझा आक्षेप या सवयीला आहे. आमच्याकडे आलेल्या कारागिरानेही काटा खाली टेकताच पंप काढून घेतला.

हा काटा आतला दाब दाखवत नाही, तर आतल्या व बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक दाखवतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचावर असल्याने येथील हवेचा दाब पाऱ्याच्या 760 नव्हे, जेमतेम 710 मिलिमीटर भरतो. त्यामुळे काटा पाऱ्याच्या 28 इंचांच्या (म्हणजे याच 710 मिलिमीटरच्या) आसपासच थांबणार, त्यासाठी पंपाला बोल लावण्यात अर्थ नाही. खरी अडचण पुढेच आहे. दाब 500 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, उतरावा असा या धंद्यातला दंडक आहे. पण पाच मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांतला फरक त्या तबकडीवर काट्याच्या जाडीतच बुडून जातो. मागे राहिलेला ओलावा तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि कालांतराने कॉम्प्रेसरचे वाइंडिंग (मोटारीतील तारेची गुंडाळी) खातो.

यासाठी मायक्रॉन गेज असते. तापवलेल्या बारीक तारेची उष्णता भोवतीचा विरळ वायू किती वाहून नेतो यावरून दाब ओळखण्याची, पिरानी यांची 1906 सालची युक्ती अशा गेजमध्ये वापरली जाते. (1874 चे मॅक्लाउड गेज अचूकतेसाठी नावाजलेले खरे, पण त्यात वायू दाबून मोजत असल्याने पाण्याच्या वाफेचे पाणी होते आणि नेमका ओलावाच हिशेबातून सुटतो.) गेज पंपाशी न लावता यंत्राच्या बाजूला लावावे, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटे आकडा पाहावा. तो थोडा चढून स्थिरावला तर ओलावा शिल्लक आहे. चढतच राहिला तर गळती आहे.

याच शहरात राजा रामण्णा केंद्रातील 'इंडस-2' या, इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणाऱ्या यंत्राच्या 172.5 मीटर परिघाच्या नळीत वातावरणाच्या अब्जांशाहूनही कमी दाब राखला आणि मोजला जातो. घरगुती एसीसाठी इतक्या सूक्ष्मतेची गरज नाही. आयटीआयच्या प्रात्यक्षिकांत मायक्रॉन गेजवर हात बसेपर्यंत सराव करून घ्यावा आणि गॅस भरण्यापूर्वीचा मायक्रॉनचा आकडा ग्राहकाच्या पावतीवर लिहिणे सेवा देणाऱ्या कंपन्यांनी सक्तीचे करावे, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक वाचक, इंदूर