डोक्यात ट्यूमर आणि एक्सरे गुडघ्याचा

व्हिएन्ना

ति. बाबा आणि आई, सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की ट्यूमर एमआरआयमध्येच दिसतो तर तुम्ही पॅथॉलॉजीवाले दिवसभर करता काय, तेव्हा स्लाइड बघायला बसायचं होतं म्हणून घाईत ठेवला फोन. दिसतो हो, पण त्याच्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं! सध्या एक केस आहे, पन्नाशीचे गृहस्थ, चालताना तोल जातो, बोलणं जड झालंय, एमआरआयमध्ये लहान मेंदू आणि ब्रेनस्टेमपाशी डाग. कुणी एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीरच स्वतःच्या नसांच्या आवरणावर हल्ला करतं तो आजार) म्हणालं, कुणी लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. बायोप्सीत काय, तर चरबीने फुगून फेसाळ झालेले हिस्टिओसाइट, म्हणजे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी, आणि भोवती सूज. असलं चित्र साध्या इन्फेक्शननंतरही दिसतं, त्यामुळे 'इन्फ्लमेशन' लिहून मोकळं होणं फार सोपं. आमच्या मॅडमनी मात्र आधी विचारलं, यांना तहान फार लागते का, आणि गुडघ्यांचे एक्सरे काढलेत का?

तहान कित्येक वर्षं लागत होती, रात्री सारखं उठायचे, दरवेळी शुगर तपासली, नॉर्मल आली की विषय बंद. दुखणं होतं मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या देठात, शरीरातलं पाणी राखणारं हार्मोन तिथूनच येतं. आणि एक्सरेत दोन्ही गुडघ्यांच्या वर-खाली हाड पांढरंफटक, दोन्हीकडे अगदी सारखं. एर्डहाइम-चेस्टर, हे हिस्टिओसाइट जागोजागी साठत जाण्याचा दुर्मिळ आजार! १९३० साली इथेच व्हिएन्नात याकोब एर्डहाइम आणि त्यांच्याकडे अमेरिकेतून आलेले विल्यम चेस्टर यांनी हा आजार ओळखला.

मग स्टेन केले, म्हणजे पेशींची ओळख पटवणारे रंग लावले, सीडी६८ आणि सीडी१६३ या हिस्टिओसाइटच्या खुणा पॉझिटिव्ह, सीडी१ए निगेटिव्ह म्हणजे लँगरहान्स हा याचाच भाऊबंद आजार नाही. रोसाई-डॉर्फमन हा दुसरा भाऊबंदही नाही. तो मेंदूच्या आवरणावर मेनिंजिओमाचं, म्हणजे त्या आवरणातल्याच गाठीचं, सोंग घेऊन बसतो, त्याच्या पेशी लिम्फोसाइट अख्खे गिळतात, एस१०० हा स्टेन लावला की पेशी तपकिरी आणि आतले लिम्फोसाइट कोरे, सीताफळातल्या बियांसारखे. बघत बसावंसं वाटतं.

आता बीआरएएफ व्ही६००ई हे म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, शोधतोय, निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये सापडतं. सापडलं तर ब्रेनस्टेमला चाकू न लावता त्या बदलाचा परिणाम रोखणाऱ्या वेमुराफेनिबच्या गोळ्या देता येतात, अमेरिकेत या औषधाला २०१७ मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली. बायोप्सीत पेशी इतक्या कमी की एकदा निगेटिव्ह आलं म्हणून सोडायचं नाही. हाडाचा तुकडाही घेतलाय, तो मऊ करायला अ‍ॅसिडात टाकू नका म्हणून टेक्निशियनच्या मागे लागलेय, डीएनए खराब झाला तर टेस्ट कशावर करणार!

आणि हो, काका रात्री चारदा उठतात म्हणालात ना, हे वाचून त्यांना घाबरवू नका, त्यांच्या वयात बहुतेक प्रोस्टेटच असेल, पण दाखवून घ्या म्हणावं.

तुमची,
मनू