जवळ आली ती मुंबई, करंजा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर उरण लोकलच्या बातमीचं ‘उरणकरांच्या अंगणात मुंबई’ हे शीर्षक वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, कारण आदल्याच रात्री मी त्या अंगणातून धडपडत घरी आलो होतो. आपल्या प्रतिनिधीने उरण स्टेशनाचा फोटो छान काढलाय, त्याबद्दल वाद नाही. फक्त तो फलाटावरून काढलाय. संध्याकाळच्या गाडीला गेटाबाहेर येऊन काढला असता, तर शीर्षक दुसरं द्यावं लागलं असतं.

माझी मोठी बहीण आमच्या करंजासमोर, खाडीपलीकडे रेवसला दिलेली आहे. मोतीबिंदू काढल्यावर तिला दाखवायला मुंबईला नेलं होतं. येताना नेरूळला उतरून उरण लोकल धरली. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली, दोघांना बसायला जागाही मिळाली. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर म्हाताऱ्यांना नावं ठेवायचीच सवय, असं म्हणाल. जिना उतरून बाहेर येतो तर बस निघालेली. ‘निघालेली’ म्हणजे मागचा लाल दिवा दिसतोय आणि आपण हात करतोय. गाडीची माणसं बाहेर पडायच्या आत बस का सोडता, असं मी मागे एका चालकाला विचारलं होतं. तो म्हणाला, “काका, आमचं टायमिंग वेगळं.” खरं बोलला बिचारा.

मग रिक्षा. करंजाचं नाव काढल्यावर पहिल्याने मान फिरवली, दुसऱ्याने “शेअर नाही, स्पेशल” सांगितलं. घासाघीस करण्यात दहा मिनिटं गेली, ती माझी चूक. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची लाँच खाडीच्या मध्यावर होती. दाजी पलीकडे रेवसच्या धक्क्यावर बॅटरी घेऊन उभे. बहीण काळ्या चष्म्यातून पाण्याकडे बघत म्हणाली, “गारी आली रं, पन होरी गेली.” यापेक्षा नेमकी बातमी आपल्या प्रतिनिधीलाही देता आली नसती.

रेवस-करंजा पुलाचं आम्ही अंतुलेसाहेब मुख्यमंत्री होते त्या काळापासून ऐकतोय, म्हणून तो विषय इथे काढत नाही. मागणी त्याहून फार लहान आहे. लोकल, बस आणि लाँच यांची वेळापत्रकं करणाऱ्या तिघांनी एकदा एका टेबलावर चहा घ्यावा. उरणच्या मोरा बंदरातून मुंबईला जाणारी लाँच ओहोटीला गाळामुळे अडते, हे आम्ही समजून घेतो. समुद्राशी भांडता येत नाही, आणि तो सांगून सवरून येतो. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचे: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. स्टेशनाबाहेरची बस कोणत्या तिथीला सुटते, याचं गणित मात्र अजून कुणाला जमलेलं नाही.

आणि त्याच बातमीत ‘उरणकरांना मिळालेली भेट’ असे शब्द आहेत, ते कृपया मागे घ्यावेत. भेट कसली? जानेवारी १९८४ मध्ये याच तालुक्यात, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. लोकल त्यानंतर चाळीस वर्षांनी, १२ जानेवारी २०२४ ला उरणात आली. त्याआधी पाच वर्षं ती वाटेतल्या खारकोपरपर्यंत येऊन मागे फिरत होती आणि आम्ही तिच्या बातम्या वाचत होतो. आपल्याच अंकात.

अंकाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पूर्वी आपण दुसऱ्या पानावर कोपऱ्यात भरती-ओहोटीच्या वेळा छापत होता. गेल्या दिवाळीपासून त्या जागी सोन्याचा भाव येतो. मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहून सोन्याचा भाव वाचण्यात काय हशील? मी तिथीची पाऊणपट करून भागवीन, पण माझ्या नातवाला आज तिथी कुठली हेच ठाऊक नसतं. वेळा पुन्हा सुरू कराव्यात. जागा कमी पडत असेल तर स्टेशनाचा फोटो थोडा लहान छापावा.

आपला,
एक जुना वाचक, करंजा, ता. उरण