कन्नड घाटातल्या पाण्याला वाट द्या : केंद्रीय रस्ते मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट आम्हा खान्देशवासीयांचा मराठवाड्यात जायचा हमरस्ता आहे. धुळे-सोलापूर महामार्ग इथे अजिंठ्याच्या डोंगररांगेची उभी भिंत चढतो. वर पोहोचून मागे पाहिलं की गिरणेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कपाशीची वावरं पार धूसर होईपर्यंत दिसतात. आजूबाजूला गौताळा अभयारण्याचं रान : साग, सालई, धावडा, अंजन. उन्हाळ्यात उघडंबोडकं वाटणारं हे जंगल श्रावणात बघावं!

हीच कड दख्खनचं पाणी वाटते. माथ्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस शिवनेतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागराला जातो. उत्तरेचा तितूर, गिरणा, तापी करत अरबी समुद्राला. दक्षिणेचा उतार संथ आहे, आमच्या बाजूचा मात्र कडाच. त्यामुळे माथ्यावर बरसलेलं पाणी बघता बघता घाटरस्त्यावर येऊन आदळतं.

घाटाचं दुखणं या पाण्यातच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. हा डोंगर लाव्हारसाच्या थरांचा. एक थर काळ्या टणक पाषाणाचा, त्याखाली मांजऱ्या दगडाचा भुसभुशीत थर, आणि मधे कुठे कुठे लाल मातीची पट्टी. ऑगस्टमध्ये वळणावर थांबून ही पट्टी बोटाने दाबली तर भिजलेल्या खडूसारखी चुरते. वरच्या पाषाणाच्या भेगांतून मुरलेलं पाणी याच पट्टीशी अडतं आणि कड्याच्या मध्यातून पाझरतं. डांबरावर लालसर ओघळ दिसतो. खालचा थर झिजतो, वरचा पाषाण अधांतरी राहतो आणि एका रात्री रस्त्यावर येतो.

३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीत ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, वाहनं अडकली, घाट बंद पडला. खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांचा पूर घराघरांत शिरला. पुढे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने घाटातून अवजड वाहनांना बंदी घातली. ट्रकवाल्यांना लांबचा फेरा पडला. तो त्रास खरा आहे, पण कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिका आम्ही पाहिल्या आहेत, त्यामुळे त्या आदेशाबद्दल माझी तक्रार नाही.

बोगदा व्हावा, असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. त्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. पण तोवर घाट वाऱ्यावर सोडू नये. डोंगराकडेची गटारं आणि मोऱ्या मे महिन्यातच मोकळ्या कराव्यात. संरक्षक भिंतींना पाणी निघायला भोकं असतात, ती दगडमातीने बुजलेली राहू देऊ नयेत. भिंतीमागे पाणी तुंबलं की भिंतच ढकलली जाते. दरडीचा मलबा दरीत लोटण्याची सवय तर तातडीने थांबवा. तो खालच्या ओढ्यात बसतो, झाडं गाडतो आणि पुराबरोबर गावाकडे येतो. रुंदीकरणासाठी कडा सरळ उभा कापायचा असेल, तर आधी भूगर्भतज्ज्ञांनी भर पावसात घाट पायी फिरून पाझराच्या जागा नकाशावर घ्याव्यात. कोरड्या दिवसांत केलेल्या पाहणीत त्या दिसतच नाहीत.

ही पाहणी येत्या पावसाळ्यातच व्हावी आणि तो नकाशा चाळीसगाव व कन्नड या दोन्ही तहसील कार्यालयांत लोकांना पाहायला ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक चाळीसगावकर