विमानतळाची बस विमानाच्या वेळेशी बांधा

महोदय,

ओझर विमानतळ नाशिकपासून सुमारे २० किलोमीटर. प्रवाशाला सोडायला गेलेली टॅक्सी बऱ्याचदा रिकामी परतते आणि उतरणाऱ्याला आणायला शहरातून दुसरी रिकामी जाते. इंधन दुप्पट जळते, परतीचे भाडे प्रवाशाच्याच माथी. टर्मिनलबाहेर टॅक्सींची एकच रांग लावून सोडायला आलेल्या गाडीलाच पुढचे प्रवासी दिले, तर या रिकाम्या फेऱ्या बऱ्याच कमी होतील.

बसचे गणित वेगळे. विमाने दिवसातून मोजकीच, त्यामुळे दर तासाला सुटणारी बस इथे रिकामीच धावणार. १८० आसनी विमान उतरल्यावर सामान पट्ट्यावर येऊन शेवटचा प्रवासी बाहेर पडायला अर्धा तास सहज लागतो. म्हणून बस छापील वेळेवर नव्हे, तर विमान प्रत्यक्ष उतरल्यानंतर ३५-४० मिनिटांनी सुटावी. उशीर कळवायला टर्मिनलमधून चालकाला एक फोन पुरतो! मार्च आणि ऑक्टोबरअखेर विमानांचे वेळापत्रक बदलते. बसचे त्याच दिवशी बदलायला हवे. एकदा बस चुकलेला प्रवासी पुन्हा तिच्या वाटेला जात नाही.

विद्युत बसला हा मार्ग सोयीचा आहे. फेरी जेमतेम ५० किलोमीटरची, आणि विमानाची वाट पाहताना चार्जिंग होते. मात्र पुढची दोन-तीन आसने काढून सामानाची मांडणी करावी. बॅगा मधल्या वाटेत राहिल्या की आडगाव नाका, द्वारका इथे उतरणारे दारापर्यंत पोहोचतच नाहीत. सिंहस्थाच्या गर्दीआधी एवढे तरी व्हावे.

– एक वाचक, नाशिक