मेजर (मुख्य विषय) निवडताना मुलांशी बोला
माझ्या मुलीला रसायनशास्त्र आवडतं आणि मानसशास्त्रही. बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरताना आठवडाभर तिला झोप नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीला मेजरसोबत मायनर, म्हणजे दुय्यम विषय घेता येतो, मध्येच शिक्षण थांबवलं तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशी सोयही आहे. पण महाविद्यालयाच्या खिडकीवर हे समजावून सांगणारं कोणी नव्हतं. ‘लवकर ठरवा, मागे रांग आहे,’ एवढंच ऐकायला मिळालं. सतरा-अठराव्या वर्षी हे फार जड जातं हो! ठाण्यातल्या महाविद्यालयांनी प्रवेशाच्या दिवसांत निदान तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तरी नव्या मुलांशी बोलायला बसवावं. आमच्या मुलीला शेवटी शेजारच्या ताईने सांगितलं, आधी दोन्ही विषयांचा अभ्यासक्रम वाच. त्या रात्री ती शांत झोपली.
- एक पालक, नौपाडा, ठाणे