नाडी बाहेर दिसू दे

चाळीसगाव,
मंगळवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास. मी नंतर दोनदा लावला, मग लावला नाही. "तुला माझ्यात फक्त दमाच दिसतो," असं म्हणालीस ते काही डोक्यातून जात नाही. म्हणून ठरवलंय, या पत्रात त्या विषयाचं नावच काढायचं नाही. लाडवांच्या डब्यात चार ओळी ठेवते, बस.

लाडू शेंगदाणा-गुळाचे आहेत. इथं पारा ४३ वर गेलाय, तूप पाघळतंय, तेव्हा डबा मिळाला की आधी फ्रीजमध्ये ठेव. आम्ही ओल्या पंच्याने दारं झाकतोय आणि तू थंडीचे मोजे विकत घेतेस, याचंच मोठ्या मायला नवल वाटतं. ओसरीवरून रोज विचारते, "इतली दूर काबर जाई राहिनी पोर?" मी सांगितलं, डोंगरावरचं जुनं देऊळ बघायला. मग तिचं समाधान झालं. चैत्रात वणीला पायी जायची ना ती. पायाला फोड आले, गुडघे सुजले, तरी गड चढून आईचं दर्शन घेतल्याशिवाय एष्टीत बसली नाही. तिला तुझं जाणं माझ्याआधी समजलं.

पप्पा तर बाजार समितीत सगळ्यांना सांगत फिरतात. लोक पेरूतल्या माचू पिचूला रेल्वेनं जातात, माझी पोर चार दिवस पायी जाणार! त्यांनी वहीत सगळं उतरवून ठेवलंय. वाट बेचाळीस-त्रेचाळीस किलोमीटरची, दिवसाला पाचशेच माणसं सोडतात आणि त्यात हमाल, वाटाडे सगळे आले, फेब्रुवारीत वाट बंद. साडेपाचशे वर्षांपूर्वी माचू पिचू बांधवणाऱ्या राजाचं, पाचाकुतीचं, नाव तर ते आपल्या भाऊबंदांतलं असल्यासारखं घेतात. मी वही हातात घेतली आणि दुसऱ्या दिवसाच्या पानावर अडकले. ४,२१५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. आणि त्या खिंडीचं नाव तिथल्या भाषेत 'मेलेली बाई'. पप्पा म्हणाले, अगं, डोंगराचा आकार आडव्या झोपलेल्या बाईसारखा दिसतो म्हणून. असेल. पण मनू, आईने असं नाव वाचल्यावर पुढचं पान कसं उलटायचं?

बघ, आलेच मी तिथं. माफ कर.

आता आलेच आहे तर एवढं ऐक. कुस्को, तुम्ही आधी उतराल ते गाव, साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे. तिथं दोन-तीन दिवस नुसते काढा, पहिल्याच दिवशी गाव पालथं घालू नका. उंचीवर आधी डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको वाटतं. तेवढं झालं तर थांबायचं, वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोक जायला लागला, तर लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी. आपल्या डॉक्टरांनी सांगितलंय की रोजचा पंप एक दिवसही चुकवायचा नाही. दुसरा पंप अंगावर ठेवायचा. तुमची मोठी बॅग हमाल घेऊन पुढे निघून जाणार, तेव्हा पंप त्या बॅगेत असून काय कामाचा? आणि थंडीत तो गारठला की नीट फवारत नाही, म्हणून स्वेटरच्या आत, अंगाशी.

पुन्हा भाषण झालं. हे सगळं तुला माहीत आहे, तूच मला शिकवलं आहेस.

मला चढाची भीती नाही गं. पाटणादेवीचा दिवस मी विसरू शकत नाही. तू दहा वर्षांची. फुईआत्या, तिची दोन्ही पोरं, आबा, सगळे कन्हेरगडावर निघालेलो. देवळात आबा तुला तो शिलालेख दाखवत होते, भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला तो. तू बोटाने अक्षरं लावत होतीस. देवळाचे दगड चुन्याशिवाय कसे बसले, हेही तूच विचारलंस. पप्पा म्हणतात, माचू पिचूलाही तसेच दगडाला दगड घासून बसवलेत, मधे सुईदेखील जात नाही. ते तू हात लावून बघ आणि मला सांग.

तर त्या चढावर तू बुटाची नाडी बांधायला आठ वेळा बसलीस. मी मोजत होते. पहिल्या तीन वेळा मला खरंच वाटलं नाडी सुटते आहे. फुईची पोरं पुढे हसत होती, "मनू, चल ना!" आणि तू मान खाली घालून गाठ सोडत होतीस, परत बांधत होतीस. आठव्या वेळी मी जवळ आले तेव्हा तुझे ओठ निळे होते. पंप तुझ्या खिशातच होता.

काढला नाहीस, कारण सकाळी जीपमध्ये मीच तुझ्या कानात सांगितलं होतं, "फुईसमोर काढू नकोस."

हे मी आजपर्यंत तुझ्या पप्पांनाही बोलले नाही. पोरीच्या जातीला आजार आहे हे चारचौघांत गेलं की पुढे जड जातं, असं मला वाटायचं. लग्नकार्यात तुला मागच्या खोलीत न्यायची, पंप पदराखाली धरायची. तू हुशार, एकदाच शिकलीस. कॉलेजात, हॉस्टेलवर, कुणाला पत्ता लागू दिला नाहीस आणि मी त्याला तुझं धाडस म्हणत राहिले. दोन वर्षं पैसे साठवून तू एवढ्या लांब निघालीस, त्याचा मला किती अभिमान आहे ते रविवारी सांगायचं होतं. सांगितलं वेगळंच.

तुझ्या तीन मैत्रिणींना माहीत आहे का, मनू? वाटाड्याला माहीत असेल का? त्या खिंडीखाली तू नाडी बांधायला बसलीस, तर तिथं मोजणारं कोण आहे?

त्यांना सांग. निघायच्या आधी, कुस्कोत जेवताना सांग. पंप हातात देऊन दाखव, कसा दाबायचा ते.

डब्याच्या तळाशी कागदात लाल गोफ ठेवलाय, कानबाईच्या सणाच्या वेळचा उरलेला. त्यात पंप अडकवून गळ्यात घाल. पंप स्वेटरच्या आत राहू दे, नाडी मात्र बाहेर दिसू दे, सगळ्यांना.

वाटेवर चार दिवस फोन लागणार नाही, हे पप्पांनी मला समजावलंय. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही माचू पिचूच्या वरच्या सूर्यद्वारापाशी पोचाल. तिथले सहा म्हणजे आपले दुपारचे साडेचार. मी तेव्हा ओसरीवर मोठ्या मायजवळ बसलेली असेन. खाली उतरून रेंज आली की नुसता एक फोटो पाठव. दगडांचा नको, तुझा. गोफ दिसेल असा.

तुझी
आई