बोलंडचा चेंडू सोडायचा कुणी?

पुणे, ६ जानेवारी २०२५

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. सिडनीची कसोटी काल संपली, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका आपण ३-१ अशी गमावली, आणि तुझा सगळा राग मेलबर्नच्या तिसऱ्या पंचांवर निघालाय. त्यांनी यशस्वी जयस्वालला बाद दिलं, त्याला 'ढापला' असं तू दोनदा लिहिलंयस. मला ते अजिबात पटत नाही.

त्या चेंडूचं चित्रण पुन्हा एकदा शांतपणे बघ. त्यांचा कप्तान कमिन्सचा आखूड टप्प्याचा चेंडू, लेगला जाणारा. यशस्वी हुक करायला गेला आणि मागे यष्टीरक्षक कॅरीनं झेल घेतला. मैदानावरचे पंच जोएल विल्सन यांनी नाबाद दिलं, म्हणून कमिन्सनं दाद मागितली. स्पर्शाचा आवाज दाखवणाऱ्या स्निकोची रेघ सपाट होती हे खरं. पण ग्लोव्हजजवळून जाताना चेंडूची दिशा बदलली, हे पडद्यावर साध्या डोळ्यांना दिसत होतं. तिसऱ्या पंचांनी आधी रिप्ले बघायचा असतो. ठळक बदल दिसला तर तोच पुरावा. तिसरे पंच शरफुद्दौला यांनी नेमकं तेच केलं.

स्निको म्हणजे स्टंपमधल्या माइकचा आवाज चित्राच्या चौकटींशी जुळवून दाखवणं, एवढंच. चेंडू ओझरता घासून गेला तर आवाज जवळजवळ होतच नाही. मग त्या रेघेत कंगोरा उठणार कुठून? असा स्पर्श पकडायला हॉटस्पॉट लागतो, कारण तो घर्षणाची उष्णता टिपतो. या मालिकेत तो नव्हताच. गावसकर समालोचनात संतापले होते, तंत्रज्ञान वापरायचं तर त्याचं ऐका म्हणाले. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, इथे ते चुकले. आपला कप्तान रोहितनंही सामन्यानंतर कबूल केलं की चेंडूला काहीतरी लागलं होतं.

राग धरायचाच असेल तर पर्थचा धर. राहुल २६ वर खेळत होता, चेंडू स्टार्कचा, मैदानावरच्या पंचांनी नाबाद दिलेलं. तिथे कंगोरा दिसला खरा, पण त्याच क्षणाच्या आसपास बॅट पॅडवरही आपटत होती. आवाज बॅट-चेंडूचा की बॅट-पॅडचा, हे ठरवायला समोरचा कॅमेरा हवा होता. तिथले तिसरे पंच इलिंगवर्थनी तो मागितला आणि त्यांना तो मिळाला नाही. मग पुरावा ठोस नाही म्हणून मूळ निर्णय कायम ठेवायचा, हा साधा नियम. त्यांनी तो फिरवला. अन्याय झाला तो तिथे, पण ती कसोटी आपण जिंकलो म्हणून कुणाला आठवत नाही.

आता मेलबर्नलाच विराटनं त्यांच्या सलामीवीर कोन्स्टासला मारलेला खांदा. विराटला झालेली शिक्षा तुला खटकते, पण इथेही मी तुझ्या बाजूनं नाही. पोरगा १९ वर्षांचा, पहिलाच सामना, षटक संपून दुसऱ्या टोकाला निघालेला. विराट आपली वाट सोडून खेळपट्टीच्या बाजूनं त्याच्याकडे वळला, हे वरच्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतं. आयसीसीच्या आचारसंहितेतलं २.१२ हे कलम अशाच धक्क्यासाठी आहे, आणि त्यात मुद्दाम, बेफिकिरीनं किंवा निष्काळजीपणानं असे तिन्ही प्रकार येतात. सामनाधिकारी पायक्रॉफ्ट यांनी पहिल्या पातळीचा गुन्हा धरला. मानधनाच्या २० टक्के दंड आणि एक डिमेरिट पॉइंट. विराटनं तो मान्य केला, त्यामुळे सुनावणी झाली नाही. दुसरी पातळी धरली असती तर तीन-चार पॉइंट लागले असते, आणि २४ महिन्यांत चार झाले की बंदी. एवढी वर्षं कप्तानी केलेल्या माणसाला मी दुसरी पातळीच लावली असती.

पण संजय, पंचांमुळे किंवा त्या दंडामुळे मालिका गेली नाही. मालिका गेली ती ऑफ स्टंपच्या बाहेर. विराटच्या धावा बघ: ५, नाबाद १००, ७, ११, ३, ३६, ५, १७, ६. एकूण १९०. आठ वेळा बाद आणि आठही वेळा मागे झेल, एकतर यष्टीरक्षकाकडे नाहीतर स्लिपमध्ये. त्यातले चार त्यांचा वेगवान गोलंदाज बोलंड याच्या एकट्याचे. सिडनीत तर पहिल्याच चेंडूवर कड गेली होती. स्लिपमधल्या स्मिथच्या हातात येताना चेंडू जमिनीला टेकला म्हणून वाचला.

बोलंड काय जादू करतो? काहीच नाही. शिवण सरळ ठेवून, ऑफ स्टंपच्या बाहेर मनानं धरलेल्या चौथ्या-पाचव्या स्टंपच्या रेषेत तोच टप्पा टाकत राहतो. विराट क्रीझच्या बाहेर उभा राहतो आणि चेंडू सुटायच्या आत पुढचा पाय टाकून मोकळा होतो. इंग्लंडमध्ये स्विंग मोडायला हे उपयोगी पडतं: चेंडू वळायच्या आत गाठायचा. ऑस्ट्रेलियात चेंडू हवेत फारसा हलत नाही, टप्प्यावरून हलतो आणि वर उसळी घेतो. तिथे पुढे उभं राहून तू स्वतःचाच वेळ कमी करतोस. वजन पुढच्या पायावर अडकलं की मागे जाता येत नाही, आणि मग हात शरीरापासून लांब जाऊन चेंडू शोधतात. पाय पोचलेला नसतो, बॅट पोचलेली असते. कड तिथेच लागते.

उपाय त्याला माहीत नाही असं थोडंच आहे? २०१४ला इंग्लंडमध्ये दहा डावांत १३४ धावा झाल्या, तेव्हा त्यानं उभं राहणं बदललं, नितंबाची दिशा सुधारली, सचिनबरोबर बसून काम केलं. २०१८ला तिथेच ५९३ काढल्या. आणि सचिननं याच सिडनीत २००४ला काय केलं? त्याआधीच्या पाच डावांत फक्त ८२ धावा होत्या. कव्हर ड्राइव्ह गुंडाळून ठेवला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१. गोलंदाज कंटाळून स्टंपांवर टाकायला लागले, मग त्यानं लेगला वसुली केली. विराटला आज तेच हवंय. गार्ड मधल्या स्टंपवरून ऑफकडे थोडा सरकवायचा, क्रीझमध्ये मागे उभं राहायचं, नेटमध्ये चौथ्या स्टंपच्या रेषेत पट्टी चिकटवायची आणि तिच्या बाहेरचा प्रत्येक चेंडू सोडायचा. थ्रो-डाऊन, म्हणजे सरावात हातानं फेकलेले चेंडू, कमरेच्या उंचीवरून नकोत, बोलंडचा हात सुटतो त्या उंचीवरून हवेत, नाहीतर उसळीचा सराव होतच नाही.

रोहितचं दुखणं वेगळं आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. पाच डाव, ३१ धावा, चार वेळा कमिन्स. विराट एकाच पद्धतीनं बाद होतो, म्हणजे दोष सापडलेला आहे. रोहित पायचीत झाला, त्रिफळाचीत झाला, यष्टीमागे झेल दिला, पुल हुकून मिड-ऑनला झेल दिला, फ्लिक करताना गलीमधल्या क्षेत्ररक्षकाकडे झेल गेला. पाच वेळा पाच तऱ्हा. याचा अर्थ चेंडूचा टप्पा त्याला उशिरा कळतोय, आणि हे न्यूझीलंडविरुद्ध घरच्या मैदानांवर सहा डावांत ९१ धावा झाल्या तेव्हाच दिसलं होतं. त्यात ॲडलेडला आणि ब्रिस्बेनला तो सहाव्या क्रमांकावर, मेलबर्नला पुन्हा सलामीला, त्यापायी राहुल तिसऱ्या क्रमांकावर आणि गिल संघाबाहेर. सगळी घडी विस्कटली. सिडनीत तो स्वतःहून बाजूला बसला, याचं लोकांनी नाटक म्हणून हसं केलं ते मला फार लागलं. चालू मालिकेत कप्तानानं स्वतःचं नाव खोडायला धाडस लागतं. २०२१ला इंग्लंडमध्ये ओव्हलवर १२७ करणारा हाच माणूस, आणि त्या दौऱ्यात नवा चेंडू त्याच्याइतका छान कुणी सोडला नव्हता.

या सगळ्याची किंमत बुमराहनं मोजली. धावा नाहीत म्हणून त्याला विश्रांती नाही. एकट्या मेलबर्नला ५३.२ षटकं, मालिकेत १५१.२, आणि ३२ बळी. ऑस्ट्रेलियातल्या मालिकेत भारतीय गोलंदाजानं घेतलेल्या सर्वाधिक बळींचा बेदींचा ३१चा विक्रम मोडला आणि पाठ धरली. सिडनीत ऑस्ट्रेलियापुढचं १६२चं आव्हान वाचवायला काल तो चेंडू हातात घेऊ शकला नाही.

आता पुढचं. विराट शेवटचा रणजी सामना २०१२ला खेळला, रोहित २०१५ला. सचिन मात्र निवृत्त होण्याच्या तोंडावर, २०१३च्या ऑक्टोबरात, लाहलीच्या हिरव्या खेळपट्टीवर हरियाणाविरुद्ध उतरला होता आणि चौथ्या डावात नाबाद ७९ करून मुंबईला जिंकवलं होतं. रणजीची पुढची फेरी २३ जानेवारीला आहे, त्यानंतरची ३० ला. इंग्लंडविरुद्धची पहिली वनडे नागपूरला ६ फेब्रुवारीला, म्हणजे दोन्ही फेऱ्यांना दोघे मोकळे आहेत. नंतर चॅम्पियन्स ट्रॉफी, मग आयपीएल, आणि थेट २० जूनला हेडिंग्लेची कसोटी. लाल चेंडूवर खरा सामना खेळायला या दोनच जागा उरल्यात.

मुंबईचा २३चा सामना बीकेसीवर जम्मू-काश्मीरशी आहे. त्यांचा वेगवान गोलंदाज औकिब नबी यंदा चेंडू दोन्ही बाजूंना हलवतोय. रोहित उतरला तर सकाळच्या पहिल्या तासाला तू जाऊन बस, साइट स्क्रीनच्या रेषेत जागा बघ, आणि तो किती चेंडू सोडतो आणि पुढचा पाय कुठे पडतो ते मला लिहून कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश